संशयाचे परिमाण

मनुष्यास कोणाचा संशय यावा याविषयी धर्मशास्त्रकारांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांनी आपापली मते वेळोवेळी नमूद करून ठेविली असली, तरी तो संशय किती सेकंदांनी यावा, अंगणाच्या कोणत्या कोपऱ्यात यावा आणि शेकडा किती खात्रीने यावा, हे लेखी मागण्याचे धाडस आजवर कोणी केले नव्हते. ते अलीकडे भिंतीवर टांगलेल्या कॅमेऱ्याने केले आहे. पूर्वीचा कॅमेरा निरुपद्रवी प्राणी होता. त्याच्यासमोरून जे जाईल ते तो मुकाट्याने पाहत असे, आणि तबकडी भरली की सर्वांत जुने पाहिलेले पुसून नवे पाहू लागत असे. नव्या कॅमेऱ्याला मात्र पाहण्याबरोबर टिपण ठेवण्याचीही हौस असते. चित्रांच्या दांडग्या प्रवाहाशेजारून तो शब्दांचा आणि आकड्यांचा एक क्षीण प्रवाह निराळा वाहवीत असतो. 'अमुक क्षणी, चौकटीच्या उजव्या अंगास, मनुष्य, खात्री शेकडा ८७, वरील वस्त्र निळे, हाती पिशवी' अशा थाटाच्या नोंदी त्यात असतात, आणि त्यांना धंद्यातील मंडळी मेटाडेटा म्हणतात. गोची एवढीच, की यांतले काय टिपावे, कशाकडे काणाडोळा करावा आणि काय दिसले असता घंटा वाजवावी, हे त्या कॅमेऱ्यास आपले आपण ठरविता येत नाही. ते मालकाने सांगावे लागते, आणि तेही मोघम सांगून भागत नाही.

या विद्येच्या आरंभी असली पंचाईत नव्हती. १९४२ साली जर्मनीतील पेनेम्युंडे येथे अग्निबाणाच्या उड्डाणाकडे दूर सुरक्षित जागी बसून पाहता यावे म्हणून जी दूरचित्रव्यवस्था उभारण्यात आली, तिला अग्निबाण उडतो की फुटतो, एवढेच पाहावयाचे होते. पुढे १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक-प्रयोगशाळेतील विद्वानांनी एक कॅमेरा कॉफीच्या भांड्यावर रोखला, कारण जिने चढून जावे आणि भांडे रिकामे निघावे या आपत्तीस ते कंटाळले होते. त्या कॅमेऱ्याच्या जीविताचाही हेतू एकच, भांड्यात कॉफी आहे की नाही. हे भांडे १९९३ पासून साऱ्या जगाला दिसू लागले, २००१ साली कॅमेरा बंद झाला, आणि ते नादुरुस्त भांडे लिलावात ३,३५० पौंडांस गेले. प्रश्न एक असला म्हणजे उत्तरालाही किंमत येते, असे यावरून दिसते. पुण्यातील आमच्या सहकारी गृहरचना संस्थेत मात्र २४ बिऱ्हाडे आहेत, आणि त्यामुळे कॅमेऱ्यास विचारावयाचे प्रश्न निदान २४ होते.

कॅमेरे बसविण्याचा ठराव 'संस्थेच्या मालमत्तेच्या संरक्षणार्थ' अशा भारदस्त शब्दांत, रीतसर सूचक व अनुमोदक यांच्या नावांनिशी इतिवृत्तात दाखल झाला. ही मालमत्ता म्हणजे कुंपणालगतची जास्वंद, तगर आणि एक पारिजातक होय, आणि तिच्यावर पहाटे कोणी भाविक नित्यनेमाने हात मारीत असतो, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असूनही देवाच्या कामी आड येणारे पाप आपल्या नावे इतिवृत्तात नको म्हणून कोणी उच्चारली नाही. आठ कॅमेरे, चार दारांवरचे चुंबकी संपर्क, दोन उष्णतेची चाहूल घेणारे सेन्सर आणि मामांच्या म्हणजे आमच्या रखवालदाराच्या चौकीत एक घंटा असा सरंजाम आला. त्याच्या मागोमाग पाठीवर पिशवी आणि हाती लॅपटॉप घेतलेला एक तरुण तंत्रज्ञ आला, आणि कार्यकारी समितीपुढे खुर्ची ओढून त्याने अत्यंत विनयाने पहिला प्रश्न टाकला.

"साहेब, लॉयटरिंग किती सेकंदांचं ठेवू?"

गेटपाशी एखादी व्यक्ती किती वेळ घुटमळली असता तिला संशयास्पद गणावे, असा त्याचा आशय होता. महालेखापालांच्या कचेरीतून निवृत्त झालेले आमचे अध्यक्ष तत्काळ म्हणाले, "दहा. सरळ माणसाला उभं राहायचं कारणच काय?" यावर दुसऱ्या मजल्यावरील काकूंनी जी हरकत घेतली, ती आपल्या समाजाच्या सखोल परिशीलनावाचून सुचणारी नव्हती. मराठी घरातील पाहुणा 'येतो हं' म्हणून उठतो तेव्हा तो निघालेला नसतो. तो उंबऱ्याशी थांबतो, जिन्याच्या वळणावर थांबतो, आणि ज्या कामासाठी तो मुळात आलेला असतो, मग ते मुलीच्या स्थळाचे असो की हातउसन्या रकमेचे, ते गेटच्या कडीवर हात ठेवल्यावाचून त्याच्या मुखातून बाहेर पडतच नाही. "दहा सेकंदांत माझ्या नणंदेचं 'बरं का वहिनी' देखील होत नाही," असे काकूंनी सांगितल्यावर मर्यादा तीस सेकंद, मग एक मिनिट, मग पाच मिनिटे अशी सरकत गेली. अखेरीस परक्यांना ४५ सेकंद आणि सभासद व त्यांचे आप्तेष्ट यांना अमर्याद काळ, असा तोडगा निघाला. तंत्रज्ञाने तो शांतपणे ऐकून घेतला आणि कॅमेऱ्यास आप्त व परका हा भेद कळत नसल्याचे निवेदन केले.

"मग त्याला कळतं तरी काय?" अध्यक्षांनी विचारले.

"माणूस आहे, एवढं कळतं, साहेब."

"आणि एवढ्यावर संशय घ्यायचा?" असे उद्गार अध्यक्षांच्या तोंडून गेले खरे, पण क्षणभर विचार करून 'तूर्त घ्यावा' असा निर्णयही त्यांनीच दिला.

मनुष्य आहे एवढे तरी कळते, ही प्रतिज्ञाही गुढीपाडव्यापर्यंतच टिकली. कॅमेऱ्यास एखादी आकृती मनुष्याची भासली की तो तीभोवती एक चौकोन आखतो आणि आपली खात्री शेकडा किती, ते त्यावर लिहितो. ही खात्री किती झाली म्हणजे नोंद करावी, तो आकडा मालकाने ठरवावयाचा असतो, आणि आमच्या समितीने 'उगीच कोणी सुटायला नको' म्हणून तो शेकडा ६० ठरविला होता. पाडव्याच्या प्रातःकाळी प्रत्येक सज्जात मस्तकाच्या जागी पालथा तांब्या, अंगावर जरीकाठी वस्त्र, गळ्यात साखरेची गाठी आणि कडुलिंबाचा डहाळा अशा थाटात एकेक गुढी उभी राहिली, वाऱ्याने किंचित डोलू लागली, आणि कॅमेऱ्याने तिला शेकडा ८१ खात्रीने मनुष्यत्व बहाल केले. शिवाय ती व्यक्ती सूर्योदयापासून जागची हलत नव्हती. त्यामुळे ४५ सेकंदांचा नियम भंग करणाऱ्यांची यादी दुपारपर्यंत एवढी लांबली, की मामांनी घंटेच्या तोंडात बोळा कोंबला. दुसऱ्या दिवशी समितीने खात्रीचा आकडा ९० वर नेला. त्यानंतर गुढ्या तर सुटल्याच, पण पावसाळा लागताच पायघोळ रेनकोट आणि टोपडे घालून फेऱ्या मारणारे मामाही नोंदवहीतून नाहीसे झाले. रात्रभर पहारा करूनही त्यांची मनुष्य म्हणून एकही नोंद होईना. त्यांनी पगाराबद्दल काळजी व्यक्त केली, तेव्हा पगार अजून खजिनदार हाताने लिहितात, असे त्यांना आश्वासन द्यावे लागले.

कॅमेऱ्याच्या या सदोदित अनिश्चित मनाला आधार म्हणून सेन्सर जोडावयाचे असतात, आणि ते मात्र हो किंवा नाही यापलीकडे काही बोलत नाहीत. या कुळाचा मूळपुरुष १८५३ सालचा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात ऑगस्टस रसेल पोप नावाच्या गृहस्थाने त्या वर्षी विजेच्या चोरघंटेचे पेटंट घेतले. दार उघडले की विद्युन्मंडल पुरे होई आणि घंटा वाजे. हा गृहस्थ पेशाने धर्मोपदेशक होता. 'शेजाऱ्यावर प्रेम करा' असा उपदेश रविवारी करून उरलेल्या सहा दिवसांसाठी त्याने ही पुरवणी व्यवस्था केली असावी, असे आम्ही समजतो.

दारावरचा संपर्क जोडण्याच्या दोन रीती आहेत, आणि त्यांत निवड करताना तंत्रज्ञाने समितीस पुन्हा कोड्यात टाकले. एका रीतीत मंडल एरवी खुले असते आणि दार उघडले तरच वीज वाहते. दुसरीत ते एरवी बंद असते, वीज अखंड वाहत राहते, आणि ती खंडित झाली की वर्दी लागते. गडावरचा एक पहारेकरी शत्रू दिसला तरच ओरडतो आणि दुसरा घटकेघटकेला 'आलबेल' पुकारून गप्प झाला म्हणजे किल्लेदाराने ओळखावयाचे, असा हा फरक आहे. पहिल्याची तार चोराने तोडली तर सर्वत्र शांतता नांदते आणि कोणाला काही कळत नाही. दुसऱ्याची तोडली तर तीच वर्दी होते. सुज्ञ मनुष्य दुसरी रीत पत्करतो, आणि तारेच्या शेवटी एक छोटा रोधक बसवितो, म्हणजे तार तोडली काय किंवा मध्येच दोन टोके जुळवून फसविली काय, दोन्ही लबाड्या प्रवाहाच्या मापावरून उघड होतात. आमच्या खजिनदारांनी मात्र पहिली रीत पसंत केली, कारण अखंड वाहणाऱ्या विजेचे बिल संस्थेवर पडेल अशी त्यांना धास्ती होती. ती वीज वर्षाकाठी किती किरकोळ खर्चाची असते, हे तंत्रज्ञ कागदावर मांडून दाखवू लागला, तेव्हा खजिनदार म्हणाले, "बाळ, आज किरकोळ म्हणतोस. वाहती गोष्ट उद्या वाढते."

उष्णतेची चाहूल घेणाऱ्या सेन्सरची गोष्ट आणखी न्यारी. धंद्यात त्याला पीआयआर म्हणतात. मनुष्यदेहातून सुमारे ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास जे अदृश्य उष्ण किरण सर्वाधिक निघतात, ते टिपण्याचा त्याचा व्यवसाय. पण तो उष्णता टिपीत नाही, उष्णतेतील बदल टिपतो. त्याच्यावरील खाचाखाचांचे भिंग समोरच्या प्रदेशाचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडते, आणि एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाणारा उष्ण देह त्याला चटकन उमगतो. यातून दोन निष्कर्ष निघतात. एक असा, की वैशाखातल्या दुपारी भिंत, फरशी आणि मनुष्य यांचे तपमान जवळजवळ सारखे झाले म्हणजे त्याला मनुष्य आणि फरशी यांत भेद करणे जड जाते. अर्थात चोराने पुण्यापेक्षा नागपुरास आणि रात्रीपेक्षा दुपारी जावे हे श्रेयस्कर. दुसरा निष्कर्ष असा, की जो सेन्सरच्या दिशेने नाकासमोर चालत येतो त्याची चाहूल उशिरा लागते आणि जो आडवा जातो त्याची तत्काळ लागते. सबब सरळ येणारे विमा-प्रतिनिधी आणि वर्गणी मागणारे तरुण निर्वेधपणे जिन्यापर्यंत पोहोचत राहिले, आणि तळमजल्याचे मांजर जेव्हा जेव्हा आडवे गेले, तेव्हा तेव्हा घंटा झाली. मांजर आडवे गेल्याची दखल घ्यावी, या एका बाबतीत अद्ययावत यंत्र आणि आमच्या इमारतीतील ज्येष्ठ नागरिक यांचे मतैक्य झाल्याने सेन्सरविषयी आदर वाढला.

यानंतर काळाचा घोटाळा उद्भवला. रात्री १२ ते पहाटे ४ या वेळात जिन्यावर मनुष्य दिसल्यास वर्दी द्यावी, असा नियम समितीने केला होता. मेटाडेटातील वेळा मात्र, निरनिराळ्या देशांच्या यंत्रांना एकमेकांचे समजावे म्हणून, जागतिक प्रमाणवेळेत लिहिण्याचा प्रघात आहे. नोंद वाचणाऱ्या यंत्राने तीत साडेपाच तास मिळवावयाचे असतात. ते मिळविण्याची खूण करावयाचे राहून गेले होते. परिणामी आमची मध्यरात्र पहाटे साडेपाचला होऊ लागली. रोज ठीक मध्यरात्री एक इसम धातूचे भांडे घेऊन प्रत्येक मजल्यावर जातो, त्याच्या पाठोपाठ दुसरा दारोदारी कागद टाकतो, एक वाजण्याच्या सुमारास चार वृद्ध चटया घेऊन गच्चीकडे जाताना दिसतात आणि अडीचपासून अनेक स्त्रिया लगबगीने आत शिरतात, असा भयंकर अहवाल समितीपुढे आला. दूधवाला, वर्तमानपत्रवाला, योगासन-मंडळ आणि धुण्याभांड्याच्या बायका यांचे एवढे गूढरम्य चित्र कोणत्याही रहस्यकथाकाराने रंगविले नसेल. अध्यक्ष या शोधाने बरेच उत्तेजित झाले होते. तळमजल्यावरील वयोवृद्ध सभासदांनी मात्र यात नवल मानले नाही. भारताची प्रमाणवेळ १९०६ सालापासून लागू झाली असता मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे चालणारी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही, आणि त्या काळात 'कोणत्या घड्याळाने?' असे विचारल्याखेरीज शहाणा मनुष्य भेटीस जात नसे, याचे त्यांनी स्मरण करून दिले. यंत्राला हा प्रश्न विचारावयाचे कोणाला सुचले नव्हते.

एवढ्या परस्परविरोधी साक्षीदारांचे करावे काय, याचा विचार या देशात पूर्वीच होऊन गेला आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात संन्यासी, गृहस्थ, व्यापारी, भिक्षुकी अशा नाना वेषांच्या हेरांची मांडणी केली आहे, आणि एकाने आणलेल्या वार्तेवर भरवसा न ठेवता, परस्परांस न ओळखणाऱ्या तिघांचे म्हणणे जुळेल तेव्हाच ती खरी मानावी, असा दंडक घालून दिला आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी ऑनव्हिफ नावाचा संकेत सुरू केला, आणि २०२१ मध्ये खास मेटाडेटासाठी त्याचा एक नवा खंड काढला. पण तीन साक्षी जुळविण्याचा नियम त्यांच्याही अगोदर दोन हजारांवर वर्षे चाणक्यास सुचला होता, हे ऐकून अध्यक्षांची छाती फुगली. तंत्रज्ञाने त्याप्रमाणे कॅमेरा, दाराचा संपर्क आणि पीआयआर या तिघांचे एकमत झाले तरच घंटा व्हावी, अशी योजना केली. वारंवार खोटी ठरणारी वार्ता आणणाऱ्या हेरास गुपचूप शिक्षा द्यावी, असेही कौटिल्याने सांगून ठेविले आहे. त्याची अंमलबजावणी तंत्रज्ञाने बटनाच्या एका टिचकीने मांजरवाल्या सेन्सरवर केली. तेव्हापासून घंटा झालेली नाही. तिघांचे एकमत व्हावे, अशी घटना आमच्या संस्थेत स्थापनेपासून घडलेली नसल्याने याचे कोणास आश्चर्य वाटले नाही.

राहता राहिली फुले. ती पूर्ववत जात होती. ४ मेगाबिट वेगाने वाहणारा एक कॅमेरा दिवसाकाठी सुमारे ४३ गिगाबाइट जागा खातो, आठ कॅमेरे महिन्यास १० टेराबाइटांवर मजल मारतात, आणि त्यासाठी मोठी तबकडी घ्यावी लागते, असे समजताच खजिनदारांनी चित्रे १५ दिवसच ठेवण्याचा हुकूम केला होता. मेटाडेटा मात्र फारशी जागा खात नाही, म्हणून तो सहा महिने राखावा, अशी उदार सवलत दिली होती. त्यामुळे डिसेंबरात जेव्हा जास्वंदीचे झाड एका पहाटे अगदी बोडके झाले, आणि दिवाळीपासूनचे सर्व प्रकार एकत्र तपासण्याचे ठरले, तेव्हा जुनी चित्रे गेलेली आणि नोंदी तेवढ्या शिल्लक, अशी अवस्था होती. 'मनुष्य. टोपी: आहे. पिशवी: आहे. काठी: नोंद नाही. थांबला: ४० सेकंद.' चेहरे पुसले गेले होते, संशय सहा महिने टिकणार होता. पुण्याच्या थंडीत पहाटे कानटोपी घालून आणि कापडी पिशवी घेऊन बाहेर न पडणारा साठीपुढचा गृहस्थ दाखविणाऱ्यास बक्षीस द्यावे. आणि आमच्या समितीतील बहुतेक सभासद साठीपुढचे आहेत. त्या आठवड्यात जिन्यात भेटलेला प्रत्येकजण समोरच्याच्या पिशवीकडे पाहून मगच नमस्कार करू लागला. भाविकही हुशार निघाला म्हणावयाचा. मर्यादा ४५ सेकंदांची होती आणि त्याचे काम दर खेपेस ४० मध्ये आटोपत होते. ही मर्यादा समितीबाहेर कोणास ठाऊक नव्हती, हे काकूंच्या प्रथम ध्यानात आले. आणि त्यांनी ते मोठ्याने म्हटल्यावर सभेत बराच वेळ कोणी कोणाकडे पाहिले नाही.

प्रकरण पोलिसांत द्यावे, असे एका तरुण सभासदाने सुचविले. त्यावर कायद्याचा खल झाला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये असल्या विद्युत् नोंदी पुराव्यात दाखल करावयाच्या, तर दोन भागांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. यंत्र आपल्या कायदेशीर ताब्यात होते आणि नीट चालत होते, असे पहिल्या भागात त्याचा कारभार पाहणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावयाचे, आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा. शिवाय नोंदीत फेरफार झाला नसल्याचे दाखविणारा अंकांचा व अक्षरांचा लांबलचक ठसाही त्यात उतरवावयाचा. ज्या यंत्राने गुढीस मनुष्य ठरविले, मामांस मनुष्यकोटीतून वगळले आणि दूधवाल्यास मध्यरात्री जिने चढविले, ते नीट चालत होते, असे लिहून द्यावयास अध्यक्षांनी चिटणिसांकडे पाहिले, चिटणिसांनी खजिनदारांकडे पाहिले, आणि खजिनदारांनी प्रमाणपत्राच्या मुद्रांकाचा खर्च कोणत्या खाती टाकावा, असा मूलभूत प्रश्न उपस्थित करून बैठक तहकूब करविली.

पुढील बैठकीत मंजूर होऊन सूचनाफलकावर लागलेला ठराव असा: 'संस्थेची कॅमेरा व सेन्सर व्यवस्था पूर्णतः कार्यान्वित असून तिच्या नोंदी चोख ठेवण्यात येत आहेत. तथापि त्या नोंदींची शहानिशा करून सही कोणी करावी, याचा निर्णय वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत प्रलंबित असल्याने तोपर्यंत आवारात कोणीही पुराव्याची आवश्यकता भासेल असा गुन्हा करू नये, अशी सर्व संबंधितांस नम्र विनंती आहे. फुले तोडणाऱ्यांनी किमान ४५ सेकंद थांबावे. हुकुमावरून.'